दुबलगुंडीला कुठलं केंद्र लागायचं?

सोलापूरहून हैदराबादकडे जाणारा जुना रस्ता हुमनाबादवरून जातो. दुबलगुंडी हे त्याच परिसरातलं, बिदर जिल्ह्यातलं गाव. एका अंगाला कलबुर्गी जिल्हा, दुसऱ्या अंगाला उदगीर-निलंगा, उगवतीला जहीराबाद. या पट्ट्यात कन्नड, मराठी, तेलुगू आणि दखनी उर्दू पिढ्यानपिढ्या एकाच बाजारात बोलल्या जातात. रेडिओ आला तेव्हा या सगळ्या भाषांची शहरं इथल्या हवेत एकदमच उतरली. दिवेलागणीनंतर ट्रान्झिस्टरचा काटा फिरवला की हैदराबाद लागायचं, कलबुर्गी लागायचं, थोडा धीर धरला तर पुणं आणि मुंबई, आणि लघुलहरींवर सिलोन. यातल्या बहुतेक शहरांनी कार्यक्रम आखताना हा पट्टा डोळ्यांपुढं ठेवला नव्हता. गावाकडची गाणी शहरातल्या रेडिओवर कशी आली, कुणासाठी आली आणि शेवटी कुणी ऐकली, हा इतिहास सांगायचा तर स्टुडिओइतकाच अशा सीमेवरच्या गावाचाही विचार करावा लागतो.

यात मध्यम लहरींच्या स्वभावाचा वाटा मोठा आहे. दिवसा सूर्यामुळं वातावरणाच्या वरच्या भागात एक असा थर तयार होतो की तो या लहरी शोषून घेतो, आणि केंद्राचा आवाज जमिनीलगत जाईल तेवढाच जातो. सूर्य मावळला की हा थर विरतो. मग त्याच लहरी आणखी वरच्या थरावर आपटून शेकडो किलोमीटर दूर खाली येतात. म्हणून दुपारी ज्या घरात जवळचं एखादंच केंद्र नीट ऐकू येई, त्याच घरात रात्री मुंबईचा निवेदक खोकला तरी कळायचं. आवाज मध्येच लांब जाई, परत जवळ येई, कधी दोन केंद्रं एकमेकांत मिसळत. अशा वेळी संच थोडा वळवून ठेवायचा, कारण आतल्या फेराइटच्या दांडीला दिशा कळते. हे ज्ञान कुणी पुस्तकातून घेतलं नव्हतं, पण ज्या घरी रेडिओ होता त्या घरातल्या पोरांनाही ते ठाऊक असे.

या पट्ट्यावर हक्क सांगणारं पहिलं शहर हैदराबाद. तिथं मोहम्मद महबूब अली यांनी तिसाच्या दशकाच्या सुरुवातीला चिराग अली गल्लीतून अवघ्या २०० वॉटच्या यंत्रावर खासगी केंद्र चालवलं. ३ फेब्रुवारी १९३५ रोजी निजाम सरकारनं ते आपल्या ताब्यात घेतलं आणि डेक्कन रेडिओ हे संस्थानाचं अधिकृत केंद्र झालं. पुढे सरूरनगरला मोठं प्रक्षेपक यंत्र बसलं, स्टुडिओ खैरताबादच्या यावर मंझिलमध्ये गेला, आणि औरंगाबादलाही संस्थानाचं दुसरं, लहान केंद्र निघालं. संस्थानातल्या चार माणसांमागे साधारण एक मराठी बोलणारा. उर्दू मातृभाषा असलेले त्याहून कितीतरी कमी, पण राज्यकारभाराची, शिक्षणाची आणि म्हणून रेडिओचीही पहिली भाषा उर्दूच. तेलुगू, मराठी आणि कन्नड कार्यक्रमांना आपापला वेळ नेमून दिलेला होता, आणि बाकीचा दिवस दरबारी शहराच्या आवडीचा.

तेव्हाचा बिदर जिल्हा आजच्यापेक्षा बराच मोठा होता. उदगीर, निलंगा, अहमदपूर, जहीराबाद, नारायणखेड हे सगळे तालुके त्यात होते, आणि कुठल्याही एका भाषेचे लोक जिल्ह्यात निम्म्याहून जास्त नव्हते. अशा जिल्ह्यातल्या माणसाला डेक्कन रेडिओचा मराठी वेळही आपला आणि कन्नड वेळही आपलाच. स्टुडिओत मात्र भाषा वेळापत्रकाच्या वेगवेगळ्या रकान्यांत बसवलेल्या होत्या. एकाच गाण्यात दोन भाषा असतील तर ते गाणं कुठल्या रकान्यात घालायचं, याची सोय त्या वेळापत्रकात नव्हती. हा प्रश्न तेव्हा क्षुल्लक वाटला असेल, पण या भागातल्या गाण्यांच्या वाट्याला पुढं जे आलं त्याचं मूळ तिथंच आहे.

कारण इथली गाणी खरोखरच तशी आहेत. भालकी तालुक्यातल्या खानापूरला मैलार मल्लण्णाचं देऊळ आहे. कन्नड भाविकांचा मैलार तोच मराठी भाविकांचा खंडोबा. वाघ्या-मुरळीची दिमडी तिथं दोन्ही भाषांत वाजते, आणि गाणारा समोरच्या घोळक्याचं तोंड बघून भाषा बदलतो. हुमनाबादला लागून असलेल्या माणिकनगरला माणिकप्रभूंचं संस्थान. १८१७ साली जन्मलेल्या आणि १८६५ साली समाधिस्थ झालेल्या या सत्पुरुषानं मराठी, कन्नड, हिंदुस्थानी अशा भाषांत पदं रचली, आणि दत्तजयंतीच्या उत्सवातला तिथला संगीत दरबार आजही मोठमोठ्या गवयांना बोलावतो. कलबुर्गीकडं मोहरमच्या दिवसांत गायली जाणारी कन्नड रिवायत पदं, गावोगावच्या मठांतली तत्त्वपदं, बिदरकडच्या बायकांची बुलाईची गाणी, यल्लम्माच्या जोगत्यांचं चौंडकं, गोंधळ्यांचं संबळ, भजनी मंडळांची पेटी आणि टाळ. दुबलगुंडीच्या पंचक्रोशीत कान उघडे ठेवून वाढलेल्या माणसाला यातलं बरंच काही रेडिओशिवायच मिळालेलं असायचं.

मग त्याला शहरातल्या रेडिओची ओढ का वाटावी?

उत्तर शोधायला मुंबईला जावं लागतं. २३ जुलै १९२७ रोजी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीनं मुंबई केंद्र सुरू केलं. परवाना काढून रेडिओ ऐकणारे मूठभर, ते बहुतेक शहरातले सुखवस्तू, आणि कंपनी १९३० सालीच बुडाली. सरकारनं कारभार हाती घेतल्यावर खेड्यांसाठी प्रसारण करावं का, ही चर्चा सुरू झाली. मुंबई इलाख्यातला एक सुरुवातीचा प्रयोग भिवंडीला झाला. तिथं सार्वजनिक ठिकाणी संच बसवून मुंबईहून खेडुतांसाठी कार्यक्रम ऐकवून पाहिले. ८ जून १९३६ रोजी ऑल इंडिया रेडिओ हे नाव पडलं, आणि ग्रामीण कार्यक्रम हा प्रत्येक केंद्राच्या कामाचा भाग झाला. पण मुंबईत एक गोष्ट कागदावरच्या योजनेपेक्षा वेगळी घडत होती. खेडं ऐकायला बसण्याआधीच खेड्यातली माणसं शहरात येऊन बसली होती. परळ, लालबाग, नायगावच्या चाळींत कोकण, सातारा, पुणे, नगरकडचे गिरणी कामगार एकेका खोलीत दहा-पंधराच्या संख्येनं राहत. त्यांच्यासाठी मुंबई केंद्रानं खास कार्यक्रम केले. ‘कामगार सभा’ हे नाव जुन्या श्रोत्यांच्या तोंडी अजून आहे. लावणी, कोळीगीत, पोवाडा, भारूड, गवळण यांना शहरातल्या वेळापत्रकात हक्काची जागा मिळाली ती या श्रोत्यामुळं. गावाचं गाणं शहरात आलं ते गावातून आलेल्या माणसासाठी.

हे मुंबईपुरतं नव्हतं. अमेरिकेत शिकागो शहरात सियर्स रोबक या टपालानं माल विकणाऱ्या बड्या कंपनीचं डब्ल्यूएलएस हे केंद्र होतं. १९ एप्रिल १९२४ रोजी त्यावर ‘नॅशनल बार्न डान्स’ सुरू झाला, आणि खेड्यातली फिडल, बँजो आणि नाचगाणी गगनचुंबी इमारतींच्या शहरातून हवेत गेली. सियर्सचं गिऱ्हाईक शेतकरी, म्हणून गाणीही शेतकऱ्याची. पण शेतं सोडून कारखान्यांत आलेली माणसंही तीच गाणी कान देऊन ऐकत. पुढं जॉर्ज हे हा निवेदक तिथून नॅशव्हिलला गेला आणि १९२५ च्या नोव्हेंबरात त्यानं ‘ग्रँड ओल ऑप्री’ म्हणून पुढं गाजलेला कार्यक्रम उभा केला. हंफ्री बेट हे त्यातले एक वादक पेशानं डॉक्टर होते. तरी हे यानं त्यांच्या वाद्यवृंदाला रानटी वाटेल असं नाव दिलं आणि वादकांना शेतमजुरांचे कपडे चढवले. शहराला हवं तसं खेडं उभं करण्याची ही सवय तिथली तशी इथलीही. त्याच परंपरेत १९७३ पासून न्यू यॉर्कसारख्या शहरात डब्ल्यूएचएन हे केंद्र चौदा वर्षं कंट्री संगीतावर चाललं, आणि १ जुलै १९८७ रोजी त्याची जागा चोवीस तास खेळांवर बोलणाऱ्या केंद्रानं घेतली. शहरात गावाची गाणी लोकप्रिय होतात तशीच ती एका दिवसात बंदही होतात, कारण तो निर्णय गाणारा घेत नाही.

मुंबई-पुण्यात गावाचं गाणं रेडिओच्या मापाचं कसं झालं, हे जरा जवळून पाहण्यासारखं आहे. तमाशाचा फड रात्री उभा राहतो. आधी ढोलकी आणि हलगीची सलामी, मग गण, मग गवळण, तीत मावशी आणि पेंद्या, मग लावण्या, सवाल-जवाब, बतावणी, आणि मध्यरात्र उलटल्यावर वग. वग उजाडेपर्यंत चालतो. मागं तुणतुणं घेऊन उभा असलेला सुरत्या आणि झील ओढणारे साथीदार शाहिराच्या ओळीचा शेवट उचलून आभाळाला भिडवतात. प्रेक्षक मध्येच फर्माईश करतात, दौलतजादा होते, सोंगाड्या समोरच्या पाटलालाच कोपरखळी मारतो, आणि त्या त्या गावची भानगड त्या त्या रात्रीच्या वगात शिरते. आता हे सगळं दहा इंची तबकडीवर घ्यायचं तर एका बाजूला तीन मिनिटं मिळतात. तीन मिनिटांत एक लावणी बसते, तीही दोन-तीन कडव्यांची. फर्माईश नाही, झीलकऱ्यांची लांबवलेली तान नाही, सोंगाड्या नाही. रेडिओनं रात्रीची पंधरा मिनिटं किंवा अर्धा तास दिला, तरी त्याचे तुकडे याच मापानं पडले. ज्याला आपण लोकगीत म्हणून ओळखतो त्याचा तीन मिनिटांचा आकार लोकांनी ठरवलेला नाही, तो लाखेच्या तबकडीनं ठरवला.

त्यात सरकारची नजर. मुंबई राज्यात बाळासाहेब खेरांच्या सरकारनं स्वातंत्र्यानंतर लगेच तमाशावर बंदी घातली. पुढं ती उठली तेव्हा वगाची संहिता तपासून घेण्याची अट घेऊन उठली. ‘लोकनाट्य’ हा शब्द याच काळात प्रतिष्ठित झाला. पु. ल. देशपांड्यांचं ‘पुढारी पाहिजे’, वसंत सबनिसांचं ‘विच्छा माझी पुरी करा’, वाईजवळच्या पसरणीत जन्मलेल्या शाहीर साबळ्यांची मुक्तनाट्यं ही त्या वाटेवरची कामं. त्यांत जीव होता, बुद्धी होती, यात शंका नाही. पण घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसून ऐकावं असं गावाचं गाणं रेडिओला हवं होतं, आणि त्यासाठी फडावरच्या बायकांचा आवाज बराच काळ कडेला राहिला. सुलोचना चव्हाण यांनी १९६२ च्या ‘रंगल्या रात्री अशा’ या चित्रपटात लावणी गायली आणि त्या आवाजानं घराघरांत लावणी नेली. त्या मुंबईत वाढलेल्या, ध्वनिमुद्रणाच्या खोलीत माइकपुढं उभं राहून गाणाऱ्या. विठाबाई नारायणगावकर किंवा यमुनाबाई वाईकर यांची उभी हयात फडावर गेली. दोघींना राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान मिळाले, पण खेड्यातल्या रेडिओवर रोजच्या रोज लागणारा लावणीचा आवाज सुलोचनाबाईंचाच. सुलोचनाबाईंच्या गळ्याचं मोल यानं कमी होत नाही. माध्यम कुणाला घराच्या आत घेतं आणि कुणाला अंगणात उभं ठेवतं, एवढं यातून दिसतं.

पेटीचं उदाहरण तर आणखी बोलकं आहे. ऑल इंडिया रेडिओनं १९४० साली हार्मोनियमवर बंदी घातली. श्रुती आणि मींड पेटीतून निघत नाहीत, हा त्यामागचा शास्त्रीय संगीतातला आक्षेप. तो आपल्या जागी खराही असेल. पण मराठी आणि कन्नड गावातलं भजन पेटीवर उभं आहे. भजनी मंडळाची पहिली वर्गणी जमते ती पेटीसाठी. ती बंदी सैल व्हायला १९७१ उजाडलं. तीस वर्षं देशाच्या रेडिओवर जे वाद्य अशुद्ध ठरलं, तेच वाद्य घेऊन गावातली माणसं दर गुरुवारी, दर एकादशीला बसत होती. पन्नाशीच्या दशकात नभोवाणी मंत्री झालेले बा. वि. केसकर हे मराठी गृहस्थ, स्वतः धृपद शिकलेले. त्यांनी कलावंतांच्या चाचण्या आणि प्रतवारी कडक केली आणि चित्रपटगीतांना जवळपास बाहेरचा रस्ता दाखवला. शास्त्रीय संगीताला त्यातून आश्रय मिळाला, ही त्यांची मोठी कामगिरी. सामान्य श्रोता मात्र काटा फिरवून सिलोनवर गेला. दुसऱ्या महायुद्धात दोस्त सैन्यासाठी उभारलेली जबरदस्त ताकदीची यंत्रं कोलंबोत होती, आणि १९५२ च्या डिसेंबरपासून अमीन सयानींची ‘बिनाका गीतमाला’ दर बुधवारी रात्री या देशाला एकत्र बसवू लागली. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती निघाली ती याच श्रोत्याला परत आणण्यासाठी.

गावाबद्दलचा सगळ्यात प्रामाणिक प्रयत्न पुण्यात झाला. पुणे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झालं. आज त्याचं नाव निघतं ते १ एप्रिल १९५५ च्या रामनवमीपासून वर्षभर चाललेल्या ‘गीतरामायणा’मुळं, आणि ते योग्यच आहे. पण त्याच वर्षी ‘बनगरवाडी’ लिहिणारे व्यंकटेश माडगूळकर या केंद्राच्या ग्रामीण विभागात आले आणि जवळजवळ तीस वर्षं तिथं राहिले. शंकर पाटीलही काही काळ तिथं होते. माणदेशातल्या धनगरांना जवळून पाहिलेला लेखक शेतकऱ्यासाठी संवाद लिहितो, तेव्हा त्या बोलीला उसनेपणा येत नाही. शहरी निवेदकांनी ‘रामराम मंडळी’ म्हणून आणलेलं नाटकी खेडं आणि माडगूळकरांच्या हाताखालून गेलेलं खेडं, यांत फरक आहे.

१९५६ च्या फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत पुण्यानं युनेस्कोच्या मदतीनं एक मोठा प्रयोग केला. पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतली सुमारे दीडशे गावं निवडली. प्रत्येक गावात साधारण वीस जणांचं श्रोता मंडळ, एक अध्यक्ष, एक चिटणीस, एक सामुदायिक संच. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम, असे एकूण वीस. कार्यक्रम संपला की संच बंद करायचा आणि त्याच विषयावर बोलायचं: उंदीर, खत, सहकारी सोसायटी, पोरींचं शिक्षण. चिटणिसानं त्या बोलण्याचा वृत्तान्त केंद्राला लिहून पाठवायचा, आणि त्यातल्या प्रश्नांना पुढच्या कार्यक्रमात उत्तर मिळायचं. टाटा समाजविज्ञान संस्थेच्या वतीनं पॉल न्यूराथ यांनी या प्रयोगाचा अभ्यास केला, आणि त्यांचा निष्कर्ष अनुकूल होता. अक्षरओळख नसलेली माणसंही अशा बैठकीत बोलती होतात आणि माहिती लक्षात ठेवतात, हे त्यातून दिसलं. गावाला कान मानणाऱ्या रेडिओनं पहिल्यांदाच गावाला तोंड आहे हे मान्य केलं. १९५९ पासून ही कल्पना देशभर नेण्यात आली, पण पुण्यात होती तशी माणसं आणि तशी निष्ठा सगळीकडं कुठून आणायची?

या पाच जिल्ह्यांत बिदर असणं शक्यच नव्हतं. ते हैदराबाद राज्यात होतं. तिथली कथा वेगळ्याच वाटेनं गेली होती. १९४८ च्या सप्टेंबरात पोलीस कारवाई झाली आणि १७ तारखेला खुद्द निजामाला डेक्कन रेडिओवरून बोलावं लागलं. गावोगावच्या लोकांनी आपल्या राज्यकर्त्याचा आवाज कदाचित पहिल्यांदाच ऐकला, तो शरणागतीच्या वेळी. १ एप्रिल १९५० रोजी हैदराबाद आणि औरंगाबाद ही केंद्रं ऑल इंडिया रेडिओकडे गेली. मग १ नोव्हेंबर १९५६ आला. बिदर जिल्ह्याचे तुकडे झाले. उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात, जहीराबादचा बहुतेक भाग आणि नारायणखेड आंध्र प्रदेशात, आणि बिदर, भालकी, औराद, हुमनाबाद म्हैसूर राज्यात. सोयरीक उदगीरला आणि कचेरी बेंगळूरला अशी घरं एका रात्रीत तयार झाली.

केंद्रांचे नकाशेही आता राज्यांप्रमाणं ठरू लागले. म्हैसूर राज्यानं ११ नोव्हेंबर १९६६ रोजी गुलबर्ग्याला, म्हणजे आजच्या कलबुर्गीला, केंद्र मिळवलं. निजामाच्या अमदानीत कोपऱ्यात पडलेल्या कन्नडला आपल्या भागात पहिल्यांदाच पूर्ण दिवसाचा आवाज मिळाला. तत्त्वपदं, मोहरमची पदं, बयलाट, शेतकऱ्यांशी त्यांच्याच बोलीत गप्पा असं बरंच काही त्या केंद्रानं हवेत नेलं, आणि त्याचं श्रेय त्याला द्यायलाच हवं. पलीकडं मराठवाड्यासाठी परभणीला केंद्र निघालं. मराठी ऐकायचं तर उदगीरच्या घराला परभणी होतं. दुबलगुंडीच्या मराठी घराला दिवसा कलबुर्गीचं कन्नड किंवा हैदराबादची तेलुगू-उर्दू, आणि मराठीसाठी रात्रीची वाट.

या रात्रीच्या ऐकण्याचं मोल मोजणारी पाहणी ठाऊक नाही, पण ते काय असेल हे कळायला पाहणी लागत नाही. साठीच्या दशकात ट्रान्झिस्टर आले. विजेची वाट पाहत बसलेल्या गावांना सेलवर चालणारा रेडिओ मिळाला. शेतातल्या मचाणावर, बैलगाडीच्या साट्यावर, किराणा दुकानाच्या फळीवर तो जाऊन बसला. पुण्या-मुंबईच्या ‘आपली आवड’मध्ये फर्माईश करणाऱ्यांची नावं गावासकट वाचली जात. गाणं कुठलं लागलं यापेक्षा गावाचं नाव शहरातल्या माणसानं उच्चारलं याचा आनंद मोठा, आणि या कार्यक्रमांची खरी ओढ त्यातच होती. मग पत्ता देवनागरीत, जिल्हा बिदर, राज्य म्हैसूर, आणि १ नोव्हेंबर १९७३ नंतर राज्य कर्नाटक. शिवाय मुंबईला गिरणीत, पुण्याला बांधकामावर, सोलापूरला मागावर गेलेला घरातला माणूस त्याच वेळी तेच केंद्र ऐकत असेल, हा एक अदृश्य धागा होता. शहरी केंद्रानं शहरातल्या गावकऱ्यासाठी रचलेलं गाणं अशा रीतीनं त्याच्या घरच्यांपर्यंत परत येई. पण ते गाणं सातारी किंवा कोकणी वळणाचं. बिदरच्या मराठीचा हेल, तिच्यातलं कन्नड आणि दखनी मिश्रण, मैलाराची दोन भाषांतली ओवी, यातलं काही मुंबईच्या फर्माईशीत येत नसे, कारण त्याची तबकडीच निघाली नव्हती.

१ नोव्हेंबर १९६७ पासून मुंबई, पुणे, नागपूरच्या विविध भारतीवर जाहिराती आल्या आणि श्रोत्याला किंमत आली. ऐंशीच्या दशकात कॅसेट आली आणि रेडिओची मक्तेदारी मोडली. मंगळवेढ्याच्या प्रल्हाद शिंद्यांचा खणखणीत आवाज, भीमगीतं, विठ्ठलाची गाणी, जत्रेतल्या ध्वनिक्षेपकांवरून या पट्ट्यात जितकी वाजली तितकी कुठल्याच केंद्रानं वाजवली नसतील. चाचणी नाही, प्रतवारी नाही, पेटीवर बंदी नाही. नवं शतक खासगी एफएम घेऊन आलं. एफएमच्या लहरी क्षितिजापलीकडं जात नाहीत. शहर मोठं झालं, पण त्याचा आवाज तालुक्याच्या वेशीपर्यंतच राहिला.

याच काळात या भागात एक वेगळी गोष्ट घडली, आणि तिची सुरुवात एका मराठी न्यायमूर्तींच्या लेखणीतून झाली. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं हवेतल्या लहरी ही सार्वजनिक संपत्ती आहे असा निकाल दिला. त्या खंडपीठात न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते. जहीराबादजवळच्या माचनूर गावात डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीनं युनेस्कोच्या मदतीनं १९९८ सालीच स्टुडिओ उभारून ठेवला होता, पण परवाना मिळेना. दहा वर्षं तिथल्या दलित शेतकरी बायकांनी आपली गाणी, बियाण्यांच्या गोष्टी, सणांचे विधी टेपवर भरून ठेवले आणि बैठकांमधून ऐकवले. १५ ऑक्टोबर २००८ रोजी संघम रेडिओ हवेत गेला. उद्घाटनाला सावंतच आले होते. गावातल्या बायकांनीच चालवलेलं हे केंद्र तेलुगूत बोलतं, साधारण पंचवीस किलोमीटरवर पोचतं. १९५६ पर्यंत ते गाव ज्या जहीराबाद तालुक्यात होतं तो बिदर जिल्ह्याचाच भाग होता. २००८ सालीच महाराष्ट्रात, माडगूळकरांच्या माणदेशात, म्हसवडला माणदेशी तरंग वाहिनी सुरू झाली. अशा केंद्रांत तीन मिनिटांची अट नाही. गाणं जितकं लांब तितकं जातं, आणि गाणारी बाई पुढच्या आठवड्यात स्वतः माइकमागं बसून दुसरीला बोलतं करते.

बिदर आणि कलबुर्गीच्या सीमेवरच्या मराठी-कन्नड मिश्र गाण्याला असं केंद्र अजून मिळालेलं नाही. आकाशवाणीचं मोबाइल ॲप आता भरदुपारी पुणंही ऐकवतं आणि कलबुर्गीही, म्हणजे लहरींची अडचण संपली. खानापूरच्या जत्रेतला वाघ्या, माणिकनगरचे भजनी, बुलाईच्या फेरातल्या म्हाताऱ्या यांचं गाणं रेकॉर्ड करून घ्यायला एक चांगला मायक्रोफोन आणि दोन्ही भाषा समजणारी माणसं पुरतात. दोन्ही भाषा समजणारी माणसं तर इथं प्रत्येक घरात आहेत. कलबुर्गी केंद्रानं किंवा माणिकनगरसारख्या संस्थानानं हे काम येत्या जत्रेपासून हाती घ्यावं, भाषेचा रकाना मोकळा ठेवून.